शेजारच्या सीटवरची साधना

मंगळवार, ३ मार्च

सौभाग्यवतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून चकित होशील. लग्नानंतर तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तू कुठे गेलीसच तर मी फोन करत असे. हल्ली तू माझा फोन उचलत नाहीस. इथे तर फोन दारातच काढून घेतात आणि कपाटात कुलूप लावून ठेवतात, त्यामुळे आता मीही कुणाचा उचलत नाही. फिटंफाट.

तर मी साधना केंद्रात आलो आहे. अहंकार घालवायला. ही कल्पना आपल्या मुलीची, असं ती तुला सांगेल, पण निर्णय सर्वस्वी माझा. ती फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, एक तर तिथे जा, नाहीतर घरी एकटे राहून स्वतःचं जेवण स्वतः करा." मी शांतपणे विचार केला आणि अध्यात्म निवडलं.

धाकट्या बहिणीकडे निघताना तू दारात उभी राहून म्हणालीस, "तुमच्यातला मास्तर आधी घराबाहेर काढा, मग मी आत येते." माझ्या ते मनाला लागलं. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या शहराला गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसून, माझ्या पायाखालच्या जादा ब्रेकने किती जणांचे जीव वाचवले ते त्यांनाही माहीत नसेल. शाळा विकली म्हणून मास्तर थोडाच विकला जातो? राहता राहिला स्वयंपाकघरातला आरसा. ओट्यासमोर मी तो लावला, तो तुला मागून कोण येतंय ते दिसावं म्हणून. घरात आपण दोघंच, म्हणजे मागून मीच येणार, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण सवय चांगली. असो. त्यावरून कुणी घर सोडून जात नाही.

इथल्या प्रमुखांना सगळे थोरल्या बाई म्हणतात. वय झालेलं, बोलणं मोजकं. मी त्यांना माझा परिचय दिला. सविस्तर दिला. त्या शांतपणे ऐकत होत्या. मध्ये त्यांनी डोळे मिटले, तेव्हा माझं बोलणं खोल उतरत असावं. मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, "भांडी घासता येतात का?"

मी म्हटलं, "घासायला शिकवतासुद्धा येतं."

त्या म्हणाल्या, "नुसती घासा."

इथे सकाळ-संध्याकाळ ध्यान आणि मधल्या वेळात सेवा. सेवेबद्दल मोबदला नाही, आभार नाहीत, आणि कुणी "छान" असंही म्हणत नाही. मी नवा आहे म्हणून म्हणत नसतील. महिन्याभरात अहंकार संपेल असा माझा अंदाज आहे. हे पत्र साडूंना मोठ्याने वाचून दाखव.

तुझाच,
हे


गुरुवार, १२ मार्च

सौभाग्यवतीस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही, पण मी मनाला लावून घेतलेलं नाही. इथे आल्यापासून मी काहीच मनाला लावून घेत नाही. माझ्याइतक्या झपाट्याने नम्र झालेला माणूस या केंद्रात दुसरा नसेल.

आनंदाची गोष्ट म्हणजे मला बढती मिळाली. सविस्तर सांगतो. भांडी घासायच्या जागी नुसता गोंधळ होता. खरकटी भांडी घेऊन येणारा आणि धुतलेली घेऊन जाणारा एकाच दारात समोरासमोर येत, आणि आमटीचा टोप कुणाच्या तरी अंगावर रिकामा होई. मी खडूने जमिनीवर बाण काढले. डावीकडून आत, उजवीकडून बाहेर, मध्ये ओलांडायची जागा. पाहुण्यांचा एक घोळका केंद्र बघायला आला होता. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, किती सुंदर व्यवस्था!" मी मान खाली घालून म्हटलं, "माझं त्यात काही नाही," आणि व्यवस्था कशी सुचली ते त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला भांड्यांवरून काढून व्हरांडा झाडायला दिला. मोठी जागा, मोठी जबाबदारी. तोही मी असा झाडला की कुणीतरी म्हणालंच, "आरशासारखा दिसतोय." लगेच मला चादरी धुवायला पाठवलं. एका आठवड्यात तीन खाती! थोरल्या बाई बोलत नाहीत, पण माणसाची पारख आहे त्यांना.

माझ्या खोलीत एक निवृत्त न्यायाधीश आहेत. नम्रतेचं त्यांना फार वेड. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीजवळची खाट देऊ केली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही घ्या." मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच घ्या." शेवटी दोघंही भिंतीकडच्या खाटांवर अडून बसलो आणि खिडकीजवळची अजून रिकामी आहे. त्यांना वाटतं ते जिंकले.

तुझाच


शुक्रवार, २० मार्च

अगं,

मागच्या पत्रातली बढतीची गोष्ट साडूंना वाचून दाखवली नसशील तर दाखवू नकोस.

इथलं स्वयंपाकघर एक काकू सांभाळतात. आवाज मोठा, अंगकाठी त्याहून मोठी. मी त्यांना सहज विचारलं, "आता चादरींनंतर मला काय मिळेल?" त्या हसता हसता ओट्याला टेकल्या. म्हणाल्या, "अहो मास्तर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? इथे ज्याच्या कामाचं कौतुक होतं, त्याचं काम दुसऱ्या दिवशी काढून घेतात. कौतुक झालं की माणूस कामाला सोडून कौतुकाला चिकटतो, असं थोरल्या बाईंचं म्हणणं."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असावं. तरी मी विचारलं, "मग तुम्ही इतकी वर्षं स्वयंपाकघरात कशा?"

"माझ्या जेवणाला अजून कुणी चांगलं म्हटलेलं नाही," काकू म्हणाल्या. आणि हे खरं आहे. मी रोज जेवतो.

आता खरी बातमी. इथे सगळ्यात वरची सेवा म्हणजे संडास धुणे. म्हणजे तसं कुणी म्हणत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. ती न्यायाधीशसाहेबांकडे होती, आणि खोलीत येताना ते बादली अशी धरत की मला दिसावी. माझ्या अंगाचा तिळपापड होई. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कौतुक झालं की काम जातं ना? मी संध्याकाळच्या सभेत उठलो आणि न्यायाधीशांचं भरभरून कौतुक केलं.

थोरल्या बाई म्हणाल्या, "नेमकं काय चांगलं आहे?"

इथे मी अडकलो. मोघम कौतुक त्या धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्मा पुसून, वाकून, गुडघे टेकून त्या माणसाचं काम बघितलं. तो जुन्या दात घासायच्या ब्रशने बिजागऱ्या घासतो. नळाच्या मागची बाजू, जिथे कुणाचं डोकं जाणार नाही, तीही घासतो. इतकं काम मी केलं नसतं. हे तुला सांगतोय, त्यांच्या कानावर जायला नको. संध्याकाळी मी हे सगळं सभेत सांगितलं. ते चिडतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत होतो, पण त्यांचे कान लाल झाले आणि ते खाली बघायला लागले. म्हणाले, "आयुष्यभर लोक माझ्यासमोर उठून उभे राहिले. काम कुणी वाकून बघितलं नव्हतं."

काम त्यांचं गेलं आणि मला मिळालं. तीन दिवस मी राजा होतो. मग त्यांनी माझं कौतुक केलं. इतकं बारकाईने केलं की मलाच ऐकावंसं वाटत राहिलं. माझंही गेलं. आता संडास कोण धुतं ते कुणाला ठाऊक नाही. स्वच्छ असतात.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझा


मंगळवार, ३१ मार्च

साडूंचं पत्र आलं. तू गाडी शिकतेस!

तू? माझी बायको? दुसऱ्याच्या शाळेत?

आपण एकदा प्रयत्न केला होता. तू चौकाच्या मधोमध गाडी थांबवलीस, किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि उतरून घरी चालत गेलीस. मी शेजारच्या सीटवर तसाच बसलेला, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि टपावर माझ्याच नावाची पाटी. तेव्हा तू म्हणाली होतीस की आता या जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही. आणि आता माझ्या नाकावर टिच्चून शिकतेस, तेही कुठल्या तरी पोरीकडून, जिच्या जन्माआधीपासून मी लोकांना क्लच शिकवतोय! साडू लिहितात, ती पोर तुला कधी ओरडत नाही. ओरडल्याशिवाय गाडी येते का कुणाला?

त्यांच्या गाडीचे टायर बघितलेस का? टायर आधी बघ.

अहंकाराचं काम सध्या जरा मागे पडलं आहे.


शनिवार, ११ एप्रिल

प्रिय,

मागचं पत्र टाकल्यावर ते परत मिळेल का, हे विचारायला मी पोस्टात गेलो होतो. मिळत नाही.

त्या दिवशी मी रागाने एवढा धुमसत होतो की थोरल्या बाईंना ध्यानात जाणवलं असावं. सगळ्या खोलीलाच जाणवलं असेल. त्यांनी मला बोलावून माझी सेवा बदलली. इथून रोज दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात जेवण जातं, रोग्यांजवळ बसलेल्या नातेवाइकांसाठी. केंद्राची एक जुनी व्हॅन आहे. मला वाटलं, आता कुठे यांनी मला ओळखलं! मी किल्ली घ्यायला हात पुढे केला.

किल्ली काकूंना दिली. गाडी काकू चालवतात. मी शेजारी बसून जेवणाची भांडी सांभाळायची.

अगं, काकू जशी आमटी करतात तशीच गाडी चालवतात. दुसऱ्या गिअरच्या वर जात नाहीत. वळताना आधी वळतात, मग हात दाखवतात. फाटकाच्या खांबाला एका बाजूने रोज थोडी घासतात, त्यामुळे खांब त्या बाजूने गुळगुळीत झाला आहे. आणि माझ्या पायाखाली ब्रेक नाही! नुसता पत्रा. मी तो इतका दाबतो की पोटरीत गोळे येतात.

त्यात नियम असा, की जेवण पोचेपर्यंत गाडीत मौन. जो बोलेल त्याने तिथेच उतरायचं आणि चालत यायचं. पहिल्या दिवशी गाडी सुरू होताच माझ्या तोंडातून "क्लच!" असं निघालं. काकूंनी अत्यंत प्रेमाने माझ्या बाजूचं दार उघडलं. मी फाटकातच उतरलो आणि उन्हातून इस्पितळापर्यंत चालत गेलो. पोचलो तेव्हा वाढप संपून भांडी परत निघाली होती. त्यात माझं काय गेलं म्हणशील, तर माझ्या वाटचं काम काकूंनी एकटीने केलं. दमलेल्या लोकांना रांगेत जास्त वेळ उभं राहावं लागलं. मास्तर बरोबर होता, आणि लोक उपाशी थांबले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत गप्प बसलो. तिथे एक सायकलवाला आडवा आला. मी "अहो!" म्हटलं. उतरलो. पुढचे काही दिवस मी पेट्रोल पंपापर्यंत, मग शाळेच्या भिंतीपर्यंत, मग पुलापर्यंत पोचत गेलो. आता रस्त्यावरचे दुकानदार मला ओळखतात. पंपावरचा माणूस परवा म्हणाला, "आज लांबपर्यंत आलात!"

तुझी परीक्षा कधी आहे? चढावर गाडी उभी करून पुन्हा काढताना

(इथे चार ओळी खोडल्या आहेत. उजेडासमोर धरून वाचू नकोस.)

तुझा


रविवार, २६ एप्रिल

प्रिय,

इस्पितळापर्यंत पोचलो. गाडीतून.

कसा, ते सांगतो, कारण त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पुलाजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि मोठा टोप कलंडायला लागला. मी झडप घालून तो मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी कवटाळून बसलो. झाकण उडत होतं, ते हनुवटीने दाबलं. टोप गरम, रस्सा पातळ, गाडी काकूंची. त्यानंतर काय झालं ते मला खरंच सांगता येत नाही. काकू कुठे वळल्या, कुठल्या गिअरमध्ये होत्या, सायकलवाला आला की नाही, काही आठवत नाही. एकदम दार उघडलं आणि समोर इस्पितळ. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीत बसलो आणि गाडी चालवली नाही.

काकू आहे तशाच चालवतात. त्यांच्यात काडीचा फरक नाही.

मग मी वाढायला उभा राहिलो. रांगेतला पहिला माणूस रात्रभर आईच्या उशाशी बसलेला होता. एक घास खाऊन तो म्हणाला, "मीठ कमी आहे." मी धावत जाऊन मीठ आणलं. तो जेवला, पुन्हा वाढून घेतलं, आणि हात धुवून आईकडे परत गेला. आभार नाहीत, नमस्कार नाही. माझ्याकडे त्याने नीट बघितलंसुद्धा नाही. मला इतकं बरं का वाटलं, ते मी दोन दिवस शोधतोय. मला तो ओळखत नव्हता आणि तरी मी त्याच्या उपयोगी पडलो. अर्ध्या शहराला शिकवलं, तेव्हा प्रत्येकाने नंतर रस्त्यात थांबून "मास्तर, ओळखलंत का?" म्हणावं अशी माझी इच्छा असायची. आणि कुणी न थांबता गेला की तो दिवस माझा वाईट जायचा, आणि संध्याकाळ तुझी.

आता माझी काळजी वेगळीच आहे. ही सेवा जाऊ नये असं मला वाटतं. म्हणजे कुणी कौतुक करता कामा नये. परवा न्यायाधीशसाहेब म्हणाले, "मास्तर, मी उद्या तुमचं काम बघायला येतो." मी हात जोडले. म्हटलं, "साहेब, झालं गेलं विसरा, पण हे काढून घेऊ नका." ते काही बोलले नाहीत. न्यायाधीश तसे आधी बोलत नाहीतच.

ते आले. एका कोपऱ्यात उभे राहून त्यांनी सगळं बघितलं. मी टोप उतरवला, वाढलं, सांडलेलं पुसलं. त्यांनी एका आजींचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं, मग पुन्हा कोपऱ्यात गेले. संध्याकाळी सभेत ते उठले तेव्हा माझा जीव मुठीत. त्यांनी घसा खाकरला, आणि भर कोर्टात निकाल द्यावा तसे म्हणाले, "मास्तरांचं काम मी प्रत्यक्ष पाहिलं. काम साधारण आहे. दखल घेण्यासारखं त्यात काही आढळलं नाही."

माझा जीव भांड्यात पडला. अगं, जन्मात मला कुणी इतकी मोठी भेट दिली नव्हती. मी खाली मान घालून बसलो, कारण डोळे भरून आले होते. थोरल्या बाई न्यायाधीशांकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्या हसल्या असं काकूंचं म्हणणं आहे. खोलीत गेल्यावर आम्ही दोघं खिडकीजवळच्या रिकाम्या खाटेवर बसलो आणि तू कशी आहेस ते त्यांनी मला विचारलं. मला सांगता आलं नाही. तू काय खातेस, तिथे झोप लागते का, गुडघा दुखतो का, मी तीन पत्रांत एकदाही विचारलं नव्हतं. तीन नव्हे, सगळ्याच पत्रांत.

कशी आहेस?

तुझी आठवण येते. हे आशीर्वादात बसत नव्हतं, म्हणून आधी लिहिलं नाही.

तुझा


शुक्रवार, ८ मे

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. "परीक्षा पास झाले. गुडघा बरा आहे. रविवारी भावोजींची गाडी घेऊन येते. चालवणार मी. यायचं असेल तर फाटकात उभे राहा." मी ते सकाळपासून इतक्यांदा वाचलं की न्यायाधीश म्हणाले, "मास्तर, एवढ्याशा पत्रात आणखी काही सापडणार नाही."

अभिनंदन. ज्या मुलीने तुला शिकवलं तिलाही माझा निरोप सांग, की तिने उत्तम शिकवलं.

ही ओळ लिहायला मला दुपार गेली, पण खोडलेली नाही.

फाटकात उभा राहतो. तू कुठे घेऊन जाणार आहेस ते तू लिहिलेलं नाहीस आणि मी विचारत नाही. घरी येणं न येणं तू ठरव. मास्तर गेला का, हे मला सांगता येणार नाही. "गेला" असं जो सांगेल तो मास्तरच असायचा.

तुझा


सोमवार, ११ मे

धाकटे,

काल माझी वाट बघून तू जागी राहिली असशील. रागावू नकोस, सगळं सांगते.

मी पोचले तेव्हा हे फाटकात पिशवी घेऊन उभे होते. वाळले आहेत. शेजारी ते न्यायाधीश होते, त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि ह्यांची पिशवी मागे ठेवली. ह्यांनी मला विचारलं, "पुढे बसू की मागे?" तीस वर्षांत मला ह्यांनी काही विचारलं असेल तर ते "आरसा बघितलास का?" एवढंच. मी म्हटलं, "बसा पुढे."

मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. एक शब्द जरी बोलले, तरी गाडी वळवायची आणि परत आणून सोडायचं. मी वाट बघत होते म्हण ना. मुद्दाम नाही, पण गिअर दोनदा खरखरला. हे खिडकीबाहेर बघत होते. मी एका रिक्षाच्या अगदी जवळून गाडी नेली. ह्यांनी मागच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून झाकण उघडून माझ्या बाजूला ठेवली.

मग पुलाचा चढ आला. तिथे गाडी बंद पडली. अगदी मधोमध, आणि मागे ट्रक. मी किल्ली फिरवली, गाडी हबकली, पुन्हा बंद. हॉर्न सुरू झाले. तेवढ्यात ह्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि हे खाली उतरले.

मला वाटलं, झालं. बोलायचं नाही म्हणून निघून चालले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं गं, रागाचं की कसलं ते मला कळलं नाही. मग मागे वळून बघते तो हे गाडीच्या मागे उभे. दोन्ही हात पसरून, ट्रकच्या तोंडासमोर. माझी गाडी थोडी जरी मागे घसरली असती तर आधी ह्यांच्यावर गेली असती. चढावर बंद गाडीच्या मागे कुणी उभं राहू नये हे ह्यांनीच सगळ्या गावाला शिकवलंय. आणि माझा पाय ब्रेकवर आहे की नाही, हे त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही.

ट्रकवाला खिडकीतून ओरडत होता. "ए म्हाताऱ्या, हो बाजूला! गाडीतलं काही कळतं का तुला?"

माझी काच खाली होती. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. हे म्हणाले, "नाही दादा, मला काही कळत नाही. त्यांना कळतं. जरा थांबा त्यांच्यासाठी."

धाकटे, ह्यांच्या तोंडून. ज्या माणसाने माझ्या बापाला मांडवात गाडी मागे कशी घ्यायची ते समजावून सांगितलं होतं, त्याच्या तोंडून.

मी हँडब्रेक ओढला. डोळे पुसले. ती मुलगी सांगायची तसं, सावकाश, घाई न करता किल्ली फिरवली. गाडी चढली. वर जाऊन मी बाजूला थांबले. हे धापा टाकत चालत आले आणि बसले. चेहरा धुळीने भरलेला. मी ऐकलं हे त्यांना माहीत नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला एवढं हसू येत होतं आणि एवढं रडू, की मी नुसतीच गाडी चालवत राहिले.

पुढे तो तिठा आला. सरळ गेलं की तुझं गाव, डावीकडे आमचं. मी गाडी हळू केली. ह्यांनी मांडीवर हात ठेवले होते आणि समोर बघत होते. कुठे, असंही विचारलं नाही.

मी डावीकडचा इंडिकेटर लावला आणि वळले.

भावोजींना सांग, गाडी मला अजून थोडे दिवस लागेल.

तुझी ताई